सात वाजताची गोळी

परक्या देशात सकाळी सात वाजता हॉटेलच्या जेवणघराच्या दाराशी उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या डोक्याला विचारायचं, "गोळ्या घेतल्या का?" अठरा वर्षं मी हे केलं. माझ्या टूरवर येऊन गेलेले लोक आजही बाजारात भेटले की नमस्काराच्या आधी हेच वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवतात आणि हसतात. मीही हसायची. न्यूझीलंडच्या त्या टूरनंतर मात्र मला ते हसणं जमेनासं झालं.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. टूर मॅनेजर म्हणजे झेंडा धरून पुढं चालणारी आणि फुकटात जग बघणारी बाई, असा समज आहे. माझ्या सख्ख्या बहिणीचासुद्धा आहे. खरं सांगायचं तर मी जग फारसं पाहिलेलं नाही. समोर बर्फाचा डोंगर असतो तेव्हा माझं लक्ष लोकांच्या पायांकडे असतं. कुणाची नाडी सुटलीय, कुणी चपलांवरच आलंय, कोण फोटोसाठी कठड्यावर चढतंय. डोंगर मी घरी आल्यावर लोकांनी पाठवलेल्या फोटोंत बघते. काळजी करणं हाच माझा धंदा, आणि स्वभावानं मी आधीच काळजीखोर, त्यामुळं धंदा बरा चालला.

पहिली काही वर्षं मोठ्या बसमधून चाळीस-चाळीस माणसं नेली. नंतर पुंडलिकनगरातल्या माझ्या घरातूनच छोट्या सहली सुरू केल्या. एक कुटुंब, एक गाडी, तिथला एक चालक आणि मी. आपल्या लोकांना हे फार आवडतं, कारण अनोळखी माणसांबरोबर आठ-दहा दिवस काढावे लागत नाहीत. पण त्यात एक गोम असते. चाळीस अनोळखी माणसं आपसात सभ्यपणे वागतात. एका घरातली आठ माणसं घरात वागतात तशीच गाडीतही वागतात. रुसवे, जुने हिशेब, कुणापासून काय लपवायचं याचे ठरलेले नियम, सगळं बरोबर येतं, आणि ते सामानात कुठं ठेवलंय हे मला कुणी सांगत नाही.

लपवण्यावरून आठवलं. निघण्याआधी मी प्रत्येकाकडून प्रकृतीचा फॉर्म भरून घेते. बीपी, शुगर, ऑपरेशनं, चालू औषधं. आपले लोक हा फॉर्म लग्नाच्या बायोडेटासारखा भरतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ठळक अक्षरांत 'प्रकृती ठणठणीत' लिहिलं होतं आणि विमान सुटल्यावर शर्टाची दोन बटणं काढून मला छातीवरच्या टाक्यांचा व्रण कौतुकानं दाखवला होता. "आता काय तुम्ही खाली उतरवता होय!" वर हे. तेव्हापासून मी फॉर्मवर विश्वास ठेवणं सोडलं आणि सात वाजताची हजेरी सुरू केली. गोळी माझ्यासमोर घ्यायची. हे सगळं मला फार शिस्तीचं वाटायचं आणि त्याचा मला जरा तोराही होता.

त्या वर्षी अधिक महिना नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता. वैजापूरचं एक कुटुंब न्यूझीलंडला निघालं. भास्करराव, त्यांची पत्नी सुनंदाताई, कॉलेजात जाणारी मुलगी ऋतुजा, भास्कररावांची बहीण आणि तिच्या घरचे तिघं, आणि या सगळ्यांच्या मधोमध बहात्तर वर्षांच्या माई, म्हणजे भास्कररावांच्या आई. नऊवारी, त्यावर मुलाचा जुना लोकरी कोट, हातात कापडी पर्स. घरची शेती मोठी, शिवाय भास्कररावांची कांद्याची आडत. माणूस मोकळा. विमानतळाबाहेर पडल्यापासून त्यांचा एकच धोशा होता, "मॅडम, विचारा की ह्याला, इथं एकराला काय भाव चाललाय?"

'ह्याला' म्हणजे आमच्या चालकाला. रॉय त्याचं नाव. साठीचा, उंच, कमी बोलणारा. तीस वर्षं त्यानं स्वतःचा गाईंचा गोठा चालवला होता आणि गुडघे गेल्यावर तो विकून गाडी चालवायला लागला होता. हे कळल्यावर भास्कररावांनी त्याला आपल्या बाजूला घेऊनच टाकलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी चाऱ्यावर, दुधावर, पावसावर दोघं बोलत असायचे आणि मी मध्ये बसून दुभाषीपण करायची.

माईंच्या फॉर्मवर भास्कररावांनी लिहिलं होतं, 'काही त्रास नाही.' मुंबईच्या विमानतळावर त्यांच्या पर्समधून शुगरच्या गोळ्यांची पट्टी निघाली. मी भास्कररावांकडे पाहिलं. ते छताकडे बघत म्हणाले, "तशी थोडीशीच हाय. नावाला."

मी माईंना जवळ बसवलं आणि पट्टीवरचं नाव वाचलं. माझी आई हीच गोळी सकाळी नाश्त्याआधी घ्यायची. मी तेवढ्यावरून ठरवून टाकलं. "माई, ही रोज सकाळी सात वाजता माझ्यासमोर घ्यायची. मग नाश्ता. चुकवायचं नाही."

"व्हय मॅडम," माई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं."

घरी ती गोळी केव्हा घेता, हे मी विचारलं नाही. ही माझी पहिली चूक.

दक्षिण बेटावरचे पहिले दोन दिवस छान गेले. सकाळी सातला माई दाराशी यायच्या, माझ्यासमोर गोळी गिळायच्या, रिकामा तळहात दाखवायच्या. मग टेबलाशी बसून दोन टोस्ट घ्यायच्या, कागदी रुमालात गुंडाळायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. मला हसू यायचं. नाश्त्याच्या टेबलावरून वाटेतल्या भुकेची सोय करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिलीत. उकडलेली अंडी मोज्यात घालून नेणारे एक गृहस्थ मला अजून आठवतात. मला वाटलं, माईंचं एकदा खाऊन झालं असेल आणि हे वरचं आहे. दाराशी दहा माणसांची व्यवस्था बघता बघता कुणाच्या ताटात काय आहे हे बघायला मी कधी थांबले नाही. रात्री त्या जेवायला येत नसत. सुनंदाताई म्हणायच्या, "त्यांना रात्रीचं जड पडतं." ठीक आहे, वय झालंय.

पहिल्या दिवशी आम्ही एका शेतावर गेलो. तिथं पाहुण्यांना जनावरांना चारायला देतात. पोरांच्या आधी माई पुढं. दुसऱ्या दिवशी कॉफीसाठी गाडी थांबली तेव्हा त्या शेजारच्या कुरणाकडे पाय मोकळे करायला गेल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पकडलं. रस्त्याकडेच्या तारेच्या कुंपणावरून हात पलीकडे घालून त्या एका गाईला टोस्ट भरवत होत्या.

मी धावत गेले. त्या कुंपणांच्या तारांत वीज खेळवलेली असते. शिवाय तिथं दुसऱ्याच्या जनावराला काही खायला घालणं कुणालाही खपत नाही, आणि रोगराईची त्यांना धास्ती. तक्रार झाली असती तर माझ्या नावावर. भीती वाटली की माझा आवाज चढतो, हा माझा जुना दोष आहे. सगळ्यांसमोर मी त्यांना बोलले. "माई, हे काय वैजापूर आहे का? इथं असलं चालत नाही. परत कुंपणापाशी गेलात तर मी गाडीतून उतरूच देणार नाही तुम्हाला."

माईंनी हात मागे घेतला. पदरानं बोटं पुसली. "चुकलं मॅडम. पुन्हा नाय जानार," असं म्हणून त्या गाडीत जाऊन बसल्या. नातवंडं हसली. भास्करराव काहीतरी बोलायला आले आणि तसेच मागे फिरले. मला वाटलं, आईला बोलले म्हणून राग आला असेल.

चौथा दिवस घाटाचा होता. तळ्याकाठच्या गावातून निघून हास्टचा घाट ओलांडायचा आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं. त्या रस्त्याची मला प्रत्येक वेळी धास्ती वाटते. तासन्‌तास फोनला रेंज नसते. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये ना दुकान ना घर. सात वाजता माईंनी गोळी घेतली, तळहात दाखवला. साडेआठला आम्ही निघालो. वाटेत नदीकाठी गाई चरत होत्या. आता वाटतं, त्या दिसल्या तेव्हा माई खिडकीकडे सरकल्या होत्या. गाडी थांबवा असं मात्र म्हणाल्या नाहीत.

घाटमाथा ओलांडला आणि मागच्या सीटवरून ऋतुजाचा आवाज आला. "मॅडम, आजी बघा ना कशी करतेय. तिला घाम आलाय."

आपल्या उन्हाळ्यात तिथं हिवाळा; बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. माईंचा ब्लाऊज घामानं भिजला होता, कोट बाजूला पडला होता. हात थरथरत होते. मी नाव घेऊन हाक मारली तर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शांते, दार लावून घे, वासरू जाईल." शांता त्यांची वारलेली बहीण, हे मला नंतर कळलं.

फोन काढला, एक रेघ नाही. रॉयनं कडेला जागा बघून गाडी थांबवली. पुढचं दवाखान्याचं गाव पाऊण तासावर, मागचं त्याहून लांब.

मी ओरडलेच, "सकाळी काय खाल्लं यांनी?"

ऋतुजानं आजीची पर्स उघडली. आत कागदी रुमालात गुंडाळलेले दोन टोस्ट होते. जसेच्या तसे.

"अन्‌ काल?"

"काल अकराला जेवल्या," सुनंदाताई म्हणाल्या. त्या रडायला लागल्या होत्या. "अधिक महिना हाय ना मॅडम. माईंचं एकभुक्त असतं. एकदाच जेवायचं, अन्‌ तेबी गाईला घास घातल्यावर. बावीस वर्षं झाली, दर अधिकाला धरत्यात. घरी गाईला घास घातला की पाटावर बसत्यात, मग मी गोळी देते."

"मग इथं सातला का घेऊ दिलीत?"

"तुम्ही देताय म्हनल्यावर मला वाटलं, बरोबरच आसंल."

भास्कररावांनी मान खाली घातली. "सांगितलं आसतं तर तुम्ही आईला नेलं नसतं, मॅडम. अन्‌ तिला समुद्र पाहायचा व्हता."

म्हणजे मी रोज सकाळी सात वाजता त्या बाईंच्या रिकाम्या पोटात शुगर उतरवणारी गोळी ढकलत होते, आणि त्यांच्या जेवणाकडे जाणारं एकमेव दार काल मीच सगळ्यांसमोर लावून घेतलं होतं. तीन दिवस त्यांनी कुठून तरी गाय शोधून वेळेवर दोन घास खाल्ले होते म्हणून निभावलं होतं. नंतर ऋतुजानं सांगितलं, आजीला रोजच सकाळी गरगरायचं, पण 'मॅडमला सांगू नको, त्या घाबरतात' असं तिनं बजावलं होतं.

माझ्या कमरेच्या पाकिटात साखरेच्या पुड्या कायम असतात. एक फाडली. तळहातावर चार थेंब पाणी घेऊन साखर कालवली आणि बोट माईंच्या ओठांपाशी नेलं. त्यांनी तोंड फिरवलं. दात घट्ट मिटले. शुद्ध अर्धी गेलेली, तरी तेवढं त्यांना कळत होतं. "नगं," दातांतूनच म्हणाल्या. "गाय."

भास्करराव पुढं झाले. "धरा डोकं, मी तोंड उघडतो."

"न्हाई," सुनंदाताईंनी त्यांचा हात धरला. "जबरदस्तीनं न्हाई करायचं. त्यांनी कधी कुनाला माफ केलं नाही आसलं."

रॉय दार उघडून बघत होता. काय झालंय, त्यानं विचारलं. मी सांगितलं, गाईला भरवल्याशिवाय या खाणार नाहीत. हे मी इंग्रजीत बोलताना मला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं. रॉय हसला नाही. त्यानं घड्याळ पाहिलं. "खाली नदीकाठी कुरण आहे. पंधरा मिनिटं लागतील."

पंधरा मिनिटं माईंकडे आहेत की नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं होतं की शुद्ध पूर्ण गेली तर तोंडातून काही द्यायचं नाही. म्हणजे जे काही करायचं ते आताच. गाडी सुटली. मी त्यांच्या सीटपुढं गुडघे टेकून बसले. माईंचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. मग मी अठरा वर्षं विचारला तोच प्रश्न विचारला.

"माई, गोळी घेतली का?"

त्यांचे डोळे किंचित हलले.

"सात वाजलेत माई. आज गोळी चुरून आणलीय. औषध आहे, खाणं नाही. आ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. मी ओली साखर बोटानं गालाच्या आत लावली. पुन्हा लावली. दुसरी पुडी, तिसरी. मी खोटं बोलत होते आणि बावीस वर्षांचा नेम माझ्या बोटानं मोडत होते, हे मला पुरतं कळत होतं. तेव्हा त्याची लाज वाटायला सवड नव्हती. गिळतायत का, एवढंच मी बघत होते.

कुरणापाशी पोचलो तोवर थरथर कमी झाली होती. माईंनी ऋतुजाला नावानं हाक मारली आणि भास्करराव रस्त्यावर उतरून उकिडवे बसले. पण धोका टळला नव्हता. या गोळीचा अंमल दिवसभर राहतो. साखर उतरली की पुन्हा तेच. पोटात खरं अन्न जायला हवं होतं, आणि माई टोस्टला हात लावायला तयार नव्हत्या.

रॉयनं मला टोस्ट पुढं करू दिले नाहीत. दुसऱ्याच्या जनावराला पाव घालायचा नाही, हे त्याचंही ठाम मत. त्यानं कुंपणाच्या अलीकडचं, रस्त्याकडेचं हिरवं गवत दोन्ही हातांनी उपटलं आणि माईंच्या ओंजळीत दिलं. मला म्हणाला, "हे त्या तशाही मान लांब करून खातातच."

"माई, चारा चालेल का?"

"न चालायला काय झालं? गाईला चाराच तर लागतो."

गाई दूर होत्या. तांबड्या, मांसासाठी पाळलेल्या, माणसांची सवय नसलेल्या. आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि हलेनात. रॉयनं त्याच्या पद्धतीनं हाळी दिली. एकही आली नाही. भास्कररावांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. नाही. मी मनात मिनिटं मोजत होते. माईंना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं होतं. त्यांनी गवत वर उचललं आणि घरच्या गाईला बोलावतात तशा बारीक आवाजात म्हणाल्या, "ये गं कपिले. ये माय. मला भूक लागलीया."

एक कालवड निघाली. थांबत, हुंगत, पुन्हा थांबत आली. रॉयनं माईंचं मनगट तारेपासून चार बोटं लांब धरून ठेवलं होतं. कालवडीनं मान लांब केली आणि गवत ओढून घेतलं.

माईंनी तिथंच, गाडीच्या पायरीवर बसून, वाळके झालेले दोन टोस्ट सुनंदाताईंच्या लिंबाच्या लोणच्याबरोबर खाल्ले. नंतर केळं खाल्लं, नंतर बिस्किटं. एका बैठकीत जेवढं खाता येईल तेवढं खा, असं मीच मागं लागले होते, म्हणजे एकभुक्त सांभाळलं जाईल. रॉय टोपी हातात घेऊन दूर उभा होता. भास्कररावांनी त्या दिवशी एकराचा भाव विचारला नाही.

पुढच्या गावातल्या नर्सनं शुगर तपासली आणि दुपारपर्यंत तिथंच बसवून घेतलं. माईंच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. उरलेले दिवस गोळी अकरा वाजता, आधी गाय, मग घास, मग गोळी. रॉय रोज सकाळी कुठं थांबायचं ते आधी ठरवून ठेवायचा. माईंनी समुद्र पाहिला. पाण्यात पाय घालून बराच वेळ उभ्या होत्या.

माझ्या फॉर्मवर आता शुगर-बीपीच्या खाली हातानं लिहिलेली एक ओळ असते: 'काही नेम, व्रत, उपास?' गंमत म्हणजे ही ओळ लोक अगदी खरी भरतात. एकांनी लिहिलं, 'मंगळवारी नखं कापत नाही.' मी तेही नोंदवून ठेवते. आणि सकाळी सात वाजता दाराशी उभी राहून आधी विचारते, "खाल्लं का?"

माईंना मात्र मी खरं सांगितलं नव्हतं. साखर भरवली, नेम मोडला, हे रोज जिभेवर यायचं आणि मी गिळायची. परतीच्या दिवशी मुंबईला सामान येईपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. भास्करराव पट्ट्यापाशी बॅगा ओळखत होते. माई पर्सची नाडी बांधत म्हणाल्या, "त्या दिवशीची गोळी लई गोड व्हती, मॅडम."

मी वर बघू शकले नाही. कशीबशी म्हणाले, "माई, मी खोटं बोलले. तुमचा नेम माझ्या हातून..."

"ठाऊक व्हतं मला. जीभ हाय की अजून."

"मग तोंड का उघडलंत?"

माईंनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तिसऱ्या दिवशी गाईला टोस्ट भरवत होत्या त्याच हातानं.

"तुम्ही लई भेदरल्या व्हत्या, बाई," त्या म्हणाल्या. "हात निस्ता लटलटत व्हता तुमचा. म्हनलं, नेम काय, पुढच्या अधिकाला पुन्हा धरता येईल."